पत्र्याखालचा लॅपटॉप

लॅपटॉप तापून बंद पडतो तेव्हा काही बोलत नाही, याचाच मला जास्त राग यायचा. मिक्सर जळायच्या आधी वास सोडतो. गिरणीची मोटर बसायच्या आधी कण्हते. लॅपटॉपचं तसं नाही. तुम्ही आपलं इंटिग्रलच्या चिन्हाखाली शून्य आणि वर π बसवत असता, आणि समोरचा पडदा एकदम काळा. पोटाखाली हात घालावा तर चटका. अशा वेळी मी त्याला ज्या शिव्या घातल्या त्या आईने ऐकल्या असत्या तर मला त्या दिवशी जेवायला मिळालं नसतं.

मी लातूरच्या एका क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाईप करायचे. त्या वर्षांत लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते, आणि प्रत्येक क्लासला दर आठवड्याला नवा पेपर लागायचा. मुलांना वाटायचं पेपर सर काढतात. काढायचेही, पण त्यांनी काढलेला पेपर म्हणजे वहीच्या पाठकोऱ्या पानावर खरडलेल्या काही ओळी, दोन बाण आणि ‘मागच्यासारखी आकृती’ एवढी सूचना. त्यातून सुबक, बिनचूक, चार पर्यायांचा पेपर मी करायचे. एखाद्या प्रश्नाचे चारही पर्याय चूक असले की तेही मीच सांगायचे. त्यावर सर म्हणायचे, “बघतो.” मग तासाभराने दुरुस्त केलेला पर्याय पाठवायचे आणि त्याबद्दल पुन्हा चकार शब्द काढायचे नाहीत. सर म्हणजे क्लासचे मालक. माणूस वाईट नव्हता, फक्त श्रेय ज्याचं त्याला देणं त्यांना कधी जमलं नाही.

माझा लॅपटॉप जुना, दुसऱ्याने वापरलेला, नांदेडहून आणलेला. नांदेडलाच मी डिप्लोमा केला. तिथल्या लॅबमध्ये सगळ्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स होतं, त्यामुळे मला दुसरं काही नीट येतच नव्हतं. पुढे त्याचा फायदाच झाला. गणिताची चिन्हं त्यावर देखणी उमटायची, आणि शिक्षकांच्या पेनड्राइव्हमध्ये रसायनशास्त्रापेक्षा व्हायरस जास्त असायचे, ते मला कधी बाधले नाहीत. बाकीच्यांना मात्र माझा काळा पडदा आणि त्यावरची पांढरी अक्षरं बघून धडकी भरायची. सर म्हणायचे, “ताई, तुमच्या मशीनला हात लावायची आपल्याला भीती वाटते.” मला ते ऐकून बरं वाटायचं, हे कशाला लपवू?

आता त्या वर्षी काय झालं ते सांगते. मोठ्या परीक्षा कागदावरून संगणकावर जाणार, असं सगळीकडे बोललं जाऊ लागलं. लातूरच्या क्लासवाल्यांची झोप उडाली. आमच्या मुलांनी जन्मात माउस धरलेला नव्हता. उत्तरपत्रिकेवरचे गोळे काळे करण्यात मात्र ती पटाईत. सरांनी ठरवलं की आपल्याकडे संगणकावरची सराव परीक्षा झालीच पाहिजे, आणि त्यासाठी पुण्याच्या कुठल्याशा मंडळींना बोलवायचं. मी तेव्हा दारात पेपरचा गठ्ठा घेऊन उभी होते. तिथूनच म्हणाले, “सर, हे मी करू शकते.”

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू शिपायाने गणित शिकवायची परवानगी मागितली असावी. पण मी मागे हटले नाही. एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतले वीस जुने संगणक भाड्याने मिळत होते. ते केबलने माझ्या लॅपटॉपला जोडायचे. पेपर माझ्या लॅपटॉपवर, उत्तरंही तिथेच जमा होणार. प्रोग्राम मी अर्धा लिहूनच ठेवला होता, कोणी न विचारता, नुसता हौसेपोटी. सर थोडा वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. मग म्हणाले, “एक रविवार देतो. पालक सगळे असतात रविवारी. तीन तास नीट पार पडलं तर पुढंही तुम्हीच घ्या. मध्ये बंद पडलं तर मग मात्र पुण्याचे लोक येतील, आणि तुम्ही आपलं टायपिंग बघायचं.”

रविवारचं महत्त्व बाहेरच्या माणसाला कळणार नाही. शिरूर अनंतपाळ, जळकोट, कंधार अशा ठिकठिकाणांहून आईबाप रविवारी सकाळच्या एसटीने लातुरात उतरायचे. हातात डबा, पिशवीत धुतलेले कपडे. पोरगं क्लासमधून बाहेर येईपर्यंत इमारतीखालच्या सावलीत बसून राहायचे. एवढ्या लोकांसमोर परीक्षा बंद पडली असती तर दुसऱ्या रविवारी अर्धी मुलं समोरच्या क्लासमध्ये दिसली असती. सरांचं म्हणणं खोटं नव्हतं.

मी घरी आले आणि आठ संगणक चालतील एवढं काम लॅपटॉपवर टाकून बघितलं. त्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला, जो खोटे विद्यार्थी बनून प्रश्न मागायचा आणि उत्तरं पाठवायचा. चाळिसाव्या मिनिटाला पडदा काळा. पुन्हा केलं, पुन्हा काळा. आठ विद्यार्थी पेलत नव्हते, आणि मला वीस हवे होते, तेही तीन तास, तेही एप्रिलमध्ये.

घरी म्हणजे कुठे, तेही सांगायला हवं. आम्ही मूळचे भूकंपाच्या पट्ट्यातले. मी चौथीत असताना आमचं दगडमातीचं घर पडलं आणि त्याच्या माळवदाखाली वडील गेले. आई आणि मी कंधारला मामाकडे होतो म्हणून वाचलो. त्यानंतर आईने जड छपराखाली झोपायचं सोडलं ते कायमचं. शासनाने नवी पक्की घरं दिली, तिथे तिने सामान ठेवलं आणि आम्ही बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. त्याच शेडमध्ये तिने पिठाची गिरणी टाकली. बाईमाणूस गिरणी चालवते म्हणून गाव आधी हसलं, मग दळण घेऊन आलं. पुढे माझ्या नोकरीसाठी ती लातुरात आली तीही गिरणी घेऊनच. शहराच्या कडेला एक शेड, पुढे गिरणी, मागे आम्ही. क्लासच्या पोरांच्या खानावळी वाढत होत्या, ज्वारी-गव्हाची पोती येत होती, धंदा चांगला चालला होता. मी कितीदा म्हटलं, “माय, आता स्लॅबची खोली घेऊ. एवढ्या उन्हात कशाला भाजून घ्यायचं?” तिचं उत्तर ठरलेलं असायचं. “तू जा बाई. पत्रा पडला तर टाळकं फुटंल. जीव न्हाई जायचा.”

तर असा आमचा पत्रा, आणि त्याखाली माझा लॅपटॉप. क्लासमध्येही तीच गत, कारण परीक्षेचा हॉल म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर टाकलेली पत्र्याची शेडच होती. लातुरातले निम्मे क्लास तेव्हा गच्चीवरच्या पत्र्याखाली भरायचे.

मी लॅपटॉपच्या आतल्या पंख्याच्या मागे लागले. लिनक्समध्ये एक साधी आज्ञा दिली की प्रोसेसर किती अंशांवर आहे ते दिसतं. मी ती आज्ञा दिली आणि डोळे पांढरे झाले. नुसतं टाईप करताना चौऱ्याऐंशी. परीक्षेचं काम टाकलं की सत्त्याण्णव, आणि शंभरीला मशीन स्वतःचा जीव वाचवायला बंद. एवढं होऊनही पंखा सरकारी ऑफिसातल्यासारखा निवांत फिरत होता. त्याला किती तापल्यावर किती जोरात फिरायचं याचा नियम कारखान्यातच घालून दिलेला, आणि तो नियम लिहिणाऱ्याने एप्रिलमधलं लातूर कधी बघितलं नसावं.

पंखा आपल्या हाती घेण्याची सोय होती, पण आधी लॅपटॉप हातच लावू देईना. सुरू होतानाच त्याला एक ओळ सांगावी लागली की पंख्याचा ताबा मला दे. मग एक प्रोग्राम चालवला, जो पंखा मुद्दाम थांबवतो, पुन्हा हळूहळू फिरवतो आणि त्याची कुवत मोजतो. त्यातून दोन आकडे मिळतात. थांबलेला पंखा हलायला किती जोर लागतो तो एक, आणि फिरता पंखा फिरत राहायला किती जोर पुरतो तो दुसरा. पहिला नेहमी मोठा. मी घाईत दोन्ही जागी छोटाच आकडा लिहिला. पंखा थांबला की पुन्हा हलेचना, नुसता जागच्या जागी थरथरत राहिला, आणि बारा मिनिटांत लॅपटॉप बंद. माझ्याच हाताने मी तो पुन्हा बंद पाडला होता.

आई दळणाच्या डब्यांवर झाकणं लावत होती. तिने विचारलं, “काय करून राहिलीस गं मघापासून?”

मी वैतागून सांगितलं. ती म्हणाली, “मग? थांबलेल्या मशीनला जोर जास्ती लागतोच की. गिरणी सुरू करताना बत्ती कशी मंद होती, बघत न्हाईस का?” मी एवढी वर्षं रोज बघत होते. डिप्लोमात एक अख्खा धडा होता त्यावर, शंभरपैकी पंचाऐंशी मिळाले होते मला.

आकडा सुधारला. पंचावन्न अंशांना पंखा जागा व्हावा आणि पंचाहत्तरला पूर्ण जोरात फिरावा, असा माझा नियम मी फाइलमध्ये लिहिला. पंखा असा काही घोंघावू लागला की शेजारच्या बाई विचारायला आल्या. तापमान सत्त्याण्णववरून चौऱ्याण्णववर आलं. बस. एवढ्या आवाजात तीन अंश.

मग मी तो शहाणपणा केला जो आमच्याकडे कोणीही केला असता. उन्हाळ्यात आजारी माणूस असो, बाळंतीण असो की कोथिंबिरीची जुडी, आमच्याकडे उपाय एकच, कूलरसमोर ठेवा. मी लॅपटॉप कूलरसमोर ठेवला. आकडा झरझर खाली आला, ऐंशी, अठ्ठ्याहत्तर. मी दोन दिवस अशी मिरवले की विचारू नका. तिसऱ्या दिवशी स्पेसबार दाबला तर वर येईना. कीबोर्डच्या किल्ल्यांच्या फटीत पांढरी पूड. आमच्या कूलरमध्ये बोअरचं पाणी, आणि लातूरचं बोअरचं पाणी म्हणजे बादलीला थर धरणारं. तो सगळा क्षार कूलरच्या तुषारांबरोबर माझ्या लॅपटॉपवर चढला होता. रविवार पाच दिवसांवर आलेला. मी लॅपटॉप मिटला आणि सरळ रडायला बसले. लपवत नाही, मोठ्याने रडले.

आई आली. तिने काय झालं विचारलं नाही. लॅपटॉप उचलून कानाजवळ नेला, हलवला, खालच्या बाजूच्या फटीत डोळा लावून बघितला. मग म्हणाली, “हे उघडतंय का?”

“उघडतं. पण माय, बिघडलं तर?”

“आत्ता लई चांगलं चालून राहिलंय का? उघड.”

मी स्क्रू काढत गेले आणि आई ते एकेक करून वाटीत ठेवत गेली. खालचं झाकण निघालं. पंखा दिसला, आणि पंख्याच्या पुढे जिथून गरम हवा बाहेर जाते तिथली तांब्याची बारीक जाळी. जाळी कसली, तिथे एक पांढरट, दाट गादी बसली होती. सुईसुद्धा आरपार गेली नसती. पंख्याने कितीही जोर लावला तरी हवा जाणार कुठून? आईने त्यातली चिमूट काढली, अंगठा आणि बोटात चोळली आणि म्हणाली, “ज्वारीचं हाय. गव्हाचं एवढं चिकटत न्हाई.”

चार वर्षं मी गिरणीच्या मागच्या खोलीत बसून टाईप करत होते. लॅपटॉप रोज आमच्याच पिठाची हवा ओढत होता, आणि मी मात्र उन्हाला, पत्र्याला, कारखान्याच्या नियमाला दोष देत बसले होते. मला आधी लाज वाटली आणि मग हसू आलं. आईला हसू आलं नाही. तिने गिरणी साफ करायचा मऊ कुंचा आणला आणि जाळीचा एकेक दात असा साफ केला की दुकानातही कोणी केला नसता. मी प्रोसेसरवरची, उष्णता ओढून घेणारी पण आता वाळून खडखडीत झालेली पेस्ट खरवडून नवी लावली, किल्ल्यांतला क्षार पुसला, स्पेसबार मोकळा झाला. सगळं परत बंद केलं तेव्हा वाटीत एक स्क्रू उरला. तो कुठला ते आजवर कळलेलं नाही.

फरक मोठा पडला. नुसत्या टायपिंगला साठ-बासष्ट. पण वीस खोटे विद्यार्थी त्यावर सोडले आणि भर दुपारी पत्र्याखाली ठेवलं, की दोन तासांनी आकडा पुन्हा त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, आणि तिसरा तास अजून बाकी. पंखा पूर्ण जोरात होता. जाळी मोकळी होती. आता मी करू तरी काय? पंख्याला याहून जास्त पळवता येत नव्हतं. मी हात टेकले आणि आईला तसं सांगितलं.

ती गिरणीवर उभी होती. खानावळीचं मोठं दळण चालू होतं. खाली पडणाऱ्या पिठात तिने हात घातला, क्षणभर ठेवला आणि वरच्या पेटीतून दाणे सोडणारी पत्र्याची पट्टी बोटभर पुढे ढकलली. दाण्याची धार बारीक झाली. गिरणीचा आवाज बदलला.

“कशाला कमी केलं?” मी विचारलं.

“पीठ तापून राहिलं होतं. तापलेल्या पिठाची भाकर थापायला गेलं की तुटती.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तू नुसती पंख्याच्याच मागं लागलीस. त्याला दाणा कमी सोड की. एवढं धावायचं कोण सांगितलंय त्याला?”

मी तिथेच उभी राहिले. खरंच, एवढं धावायचं त्याला कोणी सांगितलं होतं? परीक्षेत एक मुलगा एका प्रश्नावर दोन मिनिटं घालवणार. प्रश्न अर्ध्या सेकंदात समोर आला काय आणि दीड सेकंदात आला काय, कोणाला कळणार होतं? माझा लॅपटॉप मात्र प्रत्येक वेळी जीव खाऊन धावत होता आणि तापत होता. प्रोसेसरचा कमाल वेग बांधून ठेवायची सोय लिनक्समध्ये होतीच, ती मी लॅबमध्ये कितीदा बघितली होती. पण वेग कमी करायचा, हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. क्लासमध्ये आम्ही रोज मुलांना वेग वाढवा, वेग वाढवा एवढंच सांगत होतो.

मी वेग तिसऱ्या हिश्श्याने कमी केला. वीस खोटे विद्यार्थी, तीन तास, भर दुपार. शहाऐंशी. त्याच्या वर एकदाही नाही. मी धावत जाऊन आईला आकडा सांगितला. तिला त्या आकड्याचं काही नव्हतं. ती म्हणाली, “बघ, आवाज बी कमी झाला त्याचा.” खरंच कमी झाला होता.

रविवार उजाडला. वीस संगणक, वीस मुलं, वर पत्रा. मी हॉलच्या कोपऱ्यात एका टेबलाशी. लॅपटॉप दोन विटांवर ठेवलेला, खालून हवा मिळावी म्हणून. परीक्षा नऊला सुरू झाली. पहिला तास पडद्याकडे न बघता मी मुलांकडेच बघत होते. एक मुलगी माउस दोन्ही हातांनी धरून बसली होती. एकाने चुकून सगळा पेपर शेवटापर्यंत सरकवला आणि घाबरून हात वर केला. तासाच्या शेवटी बघितलं तर आकडा सत्तरीत होता. दहा वाजता वीज गेली. इन्व्हर्टरवर संगणक तगले, हॉलमधले पंखे थांबले. हॉल भट्टीसारखा झाला. माझ्या वीस खोट्या विद्यार्थ्यांपैकी एकाच्याही अंगातून घाम निघत नव्हता, आणि वीस मॉनिटरची उष्णताही मी धरली नव्हती. अठ्ठ्याऐंशी. नव्वद. ब्याण्णव.

नेमके तेव्हाच सर आले. खाली पालक जमले होते आणि सरांना त्यांना कौतुक दाखवायचं होतं. “ताई, आतापर्यंत कोणाला किती मार्क पडले ते जरा उघडा. दोन पालकांना वर आणतो.” मार्क मोजायचं काम सुरू केलं असतं तर लॅपटॉप तिथेच गेला असता. मी म्हणाले, “नाही सर. आत्ता हात लावायचा नाही.”

“अहो, दोन मिनिटं फक्त.”

“दोन मिनिटंही नाही. बाहेर थांबा.”

सरांना बाहेर थांबा म्हणणारी मी पहिलीच असेन. ते थांबले. मी वेग आणखी एक पायरी खाली आणला. आता प्रश्न समोर यायला जरा उशीर लागत होता. मी मुलांच्या चेहऱ्यांकडे बघत राहिले; एकानेही मान वर केली नाही. आकडा ब्याण्णववर अडकला, मग एक्क्याण्णव झाला, आणि पावणेअकराला वीज आली तेव्हा मला कळलं की मी ओढणीचं टोक दातात धरून चावत होते. बारा वाजता वीसच्या वीस पेपर जमा झाले. त्यानंतर मी मार्क मोजायला लावले, आणि आता आकडा कुठेही गेला असता तरी मला चाललं असतं.

खाली सर पालकांसमोर उभे राहिले. डबे, पिशव्या, घामेजलेले चेहरे, आणि आपलं पोरगं संगणकावर परीक्षा देऊन आलं याचा प्रत्येकाच्या तोंडावरचा आनंद. सर म्हणाले, “ही सगळी व्यवस्था आपल्या पुण्याच्या टीमने केली आहे.” मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर लॅपटॉप छातीशी धरून उभी होते. तो अजून गरम होता.

कंधारकडचे एक गृहस्थ पुढे आले. डोक्याला रुमाल, हातात डबा. म्हणाले, “लई चांगलं झालं, सर. ते पुण्याचे सायब कुठं हायेत? जरा भेटवा की. पोराला माउस धरायला कोण शिकवलं, त्याला हात तरी जोडावं म्हनलं.”

सर गडबडले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, आणि अजिबात हळू नव्हतं, “पुण्याचं कोणी नाही. मी केलंय सगळं. आणि मशीन तापू कसं द्यायचं नाही ते माझ्या आईने सांगितलं. ती गिरणी चालवते.”

सगळे वळून बघू लागले. त्या गृहस्थांनी डबा खाली ठेवला आणि खरंच हात जोडले. “तुमच्या आईला आमचा नमस्कार सांगा,” म्हणाले. एक बाई म्हणाल्या, “आगं माय, ही तर आपल्यातलीच पोरगी हाय.” सर हसले, घाम पुसला आणि म्हणाले, “हो हो, आमच्या ताईंनीच.” त्या क्षणी मला त्यांचा रागसुद्धा आला नाही, एवढी मी भरून पावले होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. पुढच्या परीक्षेची सूचना छापायची होती, ती नेहमीप्रमाणे मलाच टाईप करायची. मजकूर सांगून झाला. मग सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “खाली परीक्षाप्रमुख म्हणून नाव टाका.”

“कोणाचं, सर?”

“तुमचंच. अजून कोणाचं?”

मी आजवर हजारो नावं टाईप केली होती. हॉलतिकिटांवर, निकालाच्या याद्यांवर, गुणवंतांच्या फलकांवर. स्वतःचं एकदाही नाही. आधी माझं नाव टाकलं. त्यापुढे आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. सर मागे येऊन उभे राहिले आणि पडद्याकडे बघून म्हणाले, “ताई, आईचं नाव कशाला मध्ये? केवढं लांब झालं. एका ओळीत बसायचं नाही.”

“टाईप मी करते ना, सर?” मी म्हणाले. “बसवते.”